सशाचं पोट अडलं तर: पाकिटातली पूड की घरची लापशी?

आमच्या सशीला, अबोलीला, नाव दिलं ते तिच्या रंगावरून, पण स्वभावानेही ती त्या नावाला जागते. पोटात कितीही दुखत असलं तरी तोंडातून आवाज काढत नाही. पाय पोटाखाली घेऊन कोपऱ्यात बसते, डोळे अर्धे मिटते, आणि अगदी जवळ कान नेला तर दातावर दात घासल्याची बारीक करकर ऐकू येते. ती करकर मला आता ओळखता येते. पहिल्या वेळी आली नव्हती, आणि त्यात आमचे सहा-सात तास गेले.

ज्यांच्या घरी ससा आहे त्यांना पोट अडणं म्हणजे काय ते समजावत बसत नाही. लेंड्या बारीक होतात, मग थांबतात, आवडीची कोथिंबीरसुद्धा तशीच पडून राहते. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. मला लिहायचंय ते त्यापुढच्या प्रश्नावर. डॉक्टर फोनवर म्हणतात, ‘हाताने भरवा.’ भरवायचं काय? खरे पर्याय दोनच आहेत. एक म्हणजे आजारी सशांसाठी मिळणारी तयार पूड. आपल्याकडे बहुतेक जण ऑक्सबोची क्रिटिकल केअर आणतात. दुसरा म्हणजे रोजच्या खाण्यातल्या पेलेट, म्हणजे सशाच्या कोरड्या खाण्याच्या गोळ्या, भिजवून घरीच केलेली लापशी. मी दोन्ही भरवल्या आहेत, गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात, एकाच सशाला. तेव्हा हा एका घरातला अनुभव आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण तिथे पूड की लापशी हा प्रश्नच उरत नाही. पोट ढोलकीसारखं ताठ लागत असेल, तासाभरापूर्वी उड्या मारणारा ससा अचानक गळून पडला असेल, तर भरवायच्या सिरिंजला हात लावू नका. आतडं कुठेतरी बंद झालेलं असू शकतं, आणि सशाला उलटी करता येत नाही. वरून ढकललेलं सगळं आतच साचत जातं. तेव्हा थेट डॉक्टर गाठायचा. कान गार पडले असतील तर आधी ऊब द्यायची, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, मग बाकीचं. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. 38 च्या खाली गेलेला ससा भरवण्याच्या अवस्थेत नसतो.

आता चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, त्या रात्रीकडे येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, वाड्यावर दिवसभर फटाके, आणि माझ्या पाच वर्षांच्या भाच्याने मोठ्या प्रेमाने अबोलीला नेवरी (करंजी) भरवलेली. अख्खी नाही, पण अर्धी तरी. मैदा, तेल, साखर, खोबरं, सशाच्या आतड्याला नको असलेलं सगळं एका घासात. वर फटाक्यांची भीती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यातल्या पेपरावर एक लेंडी नव्हती. आम्ही ज्यांना दाखवतो ते डॉक्टर पणजीत असतात. ते गावी गेलेले, पण फोन उचलला. पोट दाबून बघायला लावलं, कान चाचपायला लावले, थर्मामीटर लावायला लावला. 38.6 आलं, पोट मऊ होतं. मग म्हणाले, ‘पूड आहे का घरी?’ नव्हती. ‘मग पेलेट भिजवा आणि थोडंथोडं द्या, सकाळी मी कुठे न्यायचं ते सांगतो.’

शेजारच्या मावशी देवाच्या पाया पडायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, चार चमचे पेज पाज तिला, पोटाला आराम पडेल.’ माया खरी होती, आणि आपल्याकडे आजारी माणसाला पहिली पेजच देतात. पण सशाचं पचन आपल्यासारखं चालत नाही. त्याचं खरं काम आंधळ्या आतड्यात होतं, तिथले जंतू गवताचे तंतू आंबवतात. भाताचा स्टार्च तिथे गेला की नको ते जंतू माजतात, वायू धरतो. लहान बाळांच्या खाण्याच्या पुडीचंही तेच, त्यात साखर आणि दूधही असतं. मावशींना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि रात्री अकरापर्यंत माझ्यासोबत बसून राहिल्या.

तर घरची लापशी. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते आधी बोललं पाहिजे. पेलेट घरात असतातच. चव सशाच्या ओळखीची असते, पोटालाही नवं काही पडत नाही. खर्च जवळजवळ नाहीच; पुडीच्या एका लहान पाकिटाच्या पैशात आमच्याकडे दीड-दोन महिन्यांच्या पेलेट येतात. मागवायला नको, कुरिअरची वाट बघायला नको. फक्त त्या पेलेट साध्या, एकाच रंगाच्या, गवताच्या हव्यात. बाजारात बऱ्याच दुकानांत जे रंगीबेरंगी मिश्रण मिळतं, मका आणि बिया घातलेलं, त्याची लापशी करू नये. खरं तर ते एरवीही देऊ नये.

कोमट पाण्यात पेलेट टाकल्या, पाच मिनिटांत फुगल्या, चमच्याने मोडल्या, पाणी घालून पातळ केलं. दिसायला नाचणीच्या आंबिलीसारखं झालं. मेडिकलमधून आणलेली 5 मिलीची सिरिंज, सुई काढलेली. अबोलीला टॉवेलमध्ये बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं गुंडाळलं, मांडीवर पोटावरच बसवलं (सशाला पाठीवर झोपवून कधीच भरवायचं नाही), आणि सिरिंजचं टोक ओठांच्या कडेने, पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथे सारलं. पहिला एक मिली गेला. तिने चघळला, गिळला. मला वाटलं, जमलं.

मग सिरिंज तुंबली.

ज्याला तुलनाच करायची आहे त्याने माझं बाकीचं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवावं. पेलेटमध्ये गवताचे तंतू असतात, आणि ते हवेतच, सशाचं आतडं चालतं ते त्यांच्याच जोरावर. पण ते तंतू एकसारखे नसतात. बोटाला लागणारही नाही असा एखादा तुकडा सिरिंजच्या तोंडाशी आडवा बसतो आणि त्यामागे सगळं दाटत जातं. शिवाय पेलेटचं फुगणं पाच मिनिटांत संपत नाही. वाटीत पातळ असलेली लापशी सिरिंजमध्ये भरून ठेवली की तिथेही पाणी पीतच राहते, घट्ट होते. दट्ट्या सरकेना. मी जरा जोर लावला. काही झालं नाही. आणखी जरा लावला, आणि अडकलेला तुकडा सुटून दोन-अडीच मिली एकदम तिच्या तोंडात गेलं.

ती शिंकली. नाकातून हिरवट पाणी आलं. मान मागे टाकून तिने तोंड उघडलं, आणि तोंड उघडून श्वास घेणारा ससा मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तिला पुढे कलती धरली, नाक पुसलं, आणि बायकोने दिवा जवळ आणला. दोन मिनिटांत श्वास सुरळीत झाला असेल, मला ती खूप लांब वाटली. त्यानंतर तास-दीड तास आम्ही दोघं आळीपाळीने तिच्या छातीला कान लावत होतो. लापशी फुप्फुसात गेली तर पोटाचं राहतं बाजूला आणि न्यूमोनियाने ससा जातो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेल्या ठिकाणी तपासून घेतलं, छाती साफ होती. आमचं नशीब.

उरलेली रात्र मी चहाच्या गाळणीने गाळून, एक मिलीच्या सिरिंजने, थेंबथेंब भरवलं. गाळल्यावर तुंबणं थांबलं. पण गाळणीत काय राहिलं ते पाहिलं तेव्हा मन खट्टू झालं: सगळा चोथा गाळणीत, आणि सिरिंजमध्ये हिरवं पाणी. जे तंतू पोटात जायला हवे होते तेच मी बाजूला काढत होतो. घरच्या लापशीची ही अडचण मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही. गाळली तर उपयोग कमी, न गाळली तर सिरिंज तुंबते.

नंतर युक्त्या करून पाहिल्या. पेलेट भिजवण्याआधी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कोरड्या दळायच्या, मैद्याच्या चाळणीने चाळायच्या, मग पाणी घालायचं. याने बराच फरक पडतो, आणि उन्हाळ्यात हे छान जमतं. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पेलेट कोरड्या राहतात कुठे? डब्यातही सादळतात. दळायला घेतलं की पात्याला चिकटतात, भांड्याच्या तळाशी थर बसतो. आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली तर मिक्सरच बंद. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं, दळणं-चाळणं-भिजवणं धरून पहिला घास तोंडात जायला चाळीस मिनिटं लागली. ज्यांच्या हाताला सवय आहे त्यांना कदाचित निम्मा वेळ पुरेल.

पुडीचा अनुभव पुढच्या वर्षीचा. अबोलीचे केस गळण्याचे दिवस होते, खाणं कमी झालं, लेंड्या केसात ओवल्यासारख्या माळेने येऊ लागल्या. या वेळी पाकीट घरात होतं. एक भाग पूड, दोन भाग कोमट पाणी, ढवळून थोडं थांबायचं. गॅसवर पाणी कोमट केलं की झालं, विजेचा संबंध नाही. पूड टिमोथी गवताचीच, तंतू शाबूत, पण दळण एकसारखं. दट्ट्या एका लयीत सरकतो. किती जातंय हे अंगठ्याला कळतं, आणि अर्धा मिली द्यायचा तर अर्धाच जातो. तिला गिळायला वेळ देता येतो. बडीशेपेच्या जवळ जाणारा वास असतो त्या पुडीला. तिसऱ्या सिरिंजनंतर तिने टोक स्वतःच चाटलं, तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. पहाटे पेपरावर चार लेंड्या होत्या, बारीक, वेड्यावाकड्या, पण होत्या.

पुडीचे दोष नाहीत असं नाही. महाग आहे, हे एकदा म्हटलंच. साधी पूडही एक मिलीच्या अगदी बारीक तोंडातून कधी कधी अडते. त्यासाठी अधिक बारीक दळलेली वेगळी मिळते, ती बरी. फोडलेलं पाकीट आपल्या हवेत कपाटात ठेवलं तर मिठाच्या बरणीत होतात तसे गोळे होतात. मी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतो, बांगडे मासळीच्या डब्यापासून लांब. कालवलेली पूड फ्रीजमध्ये ठेवून एका दिवसात संपवायची, उरली तर टाकायची. आणि बहुतेक वेळा अर्धं पाकीट तारीख उलटून फुकट जातं. याचं मलाही वाईट वाटतं. दोन-तीन सशावाल्यांनी मिळून एक मोठं पाकीट आणून वाटून घेतलं तर परवडतं, आम्ही म्हापशाच्या एका कुटुंबासोबत तसंच करतो.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे ऐन वेळी ती हाताशी नसते. आमच्या बाजूला दुकानात सहज मिळत नाही, मागवली तर यायला दिवस लागतात, आणि चवथीच्या आठवड्यात तर सगळंच बंद. म्हणून कोणी विचारलं की घरी पूड नाही आणि ससा आत्ता खात नाही, काय करू, तर मी लापशीच सांगतो. डॉक्टरांशी बोलून घ्या, पेलेट दळता आल्या तर दळून घ्या, सिरिंज एक मिलीची घ्या, ताजी भरा, भरून ठेवू नका. दट्ट्या अडला तर जोर लावू नका. सिरिंज तोंडातून काढून वाटीत मोकळी करा, मगच पुन्हा भरवा. आमच्या डॉक्टरांनी मला एका वेळेला किलोमागे साधारण 10 मिली, दिवसातून चार-पाचदा, असं प्रमाण दिलं होतं. अबोली पावणेदोन किलोची. पण ते तिच्यापुरतं, तुमच्या सशाचं तुमचे डॉक्टर सांगतील. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची (अँटिबायोटिकची) औषधं यातलं काहीही मनाने देऊ नका. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतं आणि त्याने ससा दगावतो.

पूड असो की लापशी, तोंडासमोर गवत सतत हवंच. पावसाळ्यात टिमोथीच्या पेंढीला बुरशी धरते, हुंगून बघितल्याशिवाय घालू नका. चवथीच्या दिवसांत एक सोय अशी की घरात दुर्वा असतात. धुऊन, पाणी झटकून, चार काड्या नाकापुढे धरल्या आणि त्यातली एक जरी तिने ओढून घेतली, तरी पुढची सिरिंज द्यायची घाई मी करत नाही.

ज्यांचा हात सराईत आहे, ससा शांत आहे आणि दोन पावलांवर डॉक्टर आहे, त्यांचं लापशीवर भागेल, भागतंही. आमच्या घरात मात्र तो प्रश्न आता मिटलाय. दर वर्षी श्रावण सरता सरता बायको चवथीच्या सामानाची यादी करते. नारळ, गूळ, मैदा, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सुतळ्या, कापूर. त्याखाली तिच्या अक्षरात एक ओळ असते: अबोलीची पूड, तारीख बघणे. आणि त्याच्याही खाली, भाच्यासाठी: नेवऱ्यांचा डबा वरच्या फळीवर.