कोस्टरचं क्रोशा किट: दोरा झकास, पॅटर्नचा कागद कच्चा

पाचपैकी तीन स्टार देतेय, आणि हे तिन्ही दोऱ्याचे आणि सुईचे आहेत, कागदाचा एकही नाही. किटमध्ये चार रंगांचे सुती गुंडे, अडीच एमएमची क्रोशाची सुई, टाक्यात खुणेला अडकवायचे दोन मार्कर, टोकं लपवायला मोठ्या नेढ्याची सुई आणि घडी घातलेला पॅटर्न येतो. दोरा खरंच छान आहे, पीळ सुटत नाही, धुतल्यावर लाल रंग पांढऱ्यात उतरला नाही. सुईला रबरी मूठ असल्याने बोट दुखत नाही.

आता कागद. वर मोठ्या अक्षरात 'बिगिनर्ससाठी' लिहिलंय आणि खाली पहिली ओळ काय, तर सीएच ३ (म्हणजे साखळ्या), रिंगमध्ये ११ डीसी (म्हणजे खांब, उंच टाके), जॉइन, १२. जॉइन कुठे करायचं ते लिहिलेलंच नाही! ज्यांनी रुखवतासाठी रुमाल न् तोरणं विणलीत त्यांना कळेल की सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब धरलाय, म्हणून ११ अधिक १ बारा, आणि जोडायचं ते त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत स्लिप स्टिच, म्हणजे जोडायचा बुटका टाका, घालून. नवीन माणूस पहिल्या खऱ्या खांबात जोडतो आणि मग पुढे गणित बिघडतं. दुसरी गंमत म्हणजे ती स्लिप स्टिचसुद्धा वरून टाक्यासारखीच दिसते, तिच्यात खांब घातला की दुसऱ्या फेरीत २४ च्या जागी २५. मी सांगते, तीन साखळ्या झाल्या झाल्या तिसरीत मार्कर अडकवायचा, फेरी संपली की डोळे झाकून तिथेच जोडायचं, किटमधले मार्कर बहुतेक याचसाठी दिलेत पण कागदात त्यांचा उल्लेखच नाही. (मुक्या खांबाच्या, म्हणजे खांबापेक्षा बुटक्या टाक्याच्या, फेरीत मात्र वेगळं, तिथे सुरुवातीची एक साखळी सहसा मोजत नाहीत, जोड पहिल्या मुक्या खांबातच.)

तिसऱ्या फेरीला ३६ आले की गोल अगदी सपाट बसतो, इथपर्यंत पॅटर्न बरोबर आहे.

खरा घोळ काठात आहे. कागदाच्या मागे टाक्यांच्या शॉर्टफॉर्मची यादी आहे, तिच्यात एससी, एचडीसी, डीसी असं सगळं दिलंय म्हणजे पॅटर्न अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत एससी नसतंच. पण काठाच्या ओळीत लिहिलंय १ डीसी, २ टाके 'मिस', पुढच्यात ५ टीआर, २ टाके 'मिस' (एकाच टाक्यातल्या त्या पाचांचा पंखा होतो, तोच शिंपला). अमेरिकन पॅटर्नवाले 'स्किप' लिहितात, 'मिस' म्हटलं की ब्रिटिश समजायचं. म्हणजे काठ कुठल्या तरी ब्रिटिश पॅटर्नमधून जसाच्या तसा उचललाय आणि तिथल्या डीसीचा अर्थ अमेरिकन एससी म्हणजे आपला मुका खांब, आणि टीआर म्हणजे अमेरिकन डीसी, साधा खांब. यादी बघून प्रामाणिकपणे विणलं तर शिंपले उंच होतात आणि कोस्टरची फ्रॉकच्या घेरासारखी झालर होते, कप ठेवला की डगमगतो. फोटोतले शिंपले नीट बघा, आतल्या फेरीच्या खांबाइतकेच उंच आहेत, त्यावरूनच कळतं. आणि एका शिंपल्याला ६ टाके लागतात, ३६ मध्ये बरोब्बर ६ शिंपले, त्यामुळे मघाशी सांगितलेली जोड चुकून ३७ झाले असतील तर शेवटी एक टाका उरतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. विक्रेत्याला मेसेज केला तर 'यूट्यूबवर बघा' असं उत्तर आलं, छानच!

शेवटी फक्त 'फास्टन ऑफ', म्हणजे दोरा कापून बंद करा, एवढंच लिहून सोडलंय. स्लिप स्टिचने जोडून गाठ मारली की काठावर बारीक गुठळी येते. त्यापेक्षा शेवटचा टाका झाला की दोरा कापून सुईत ओवायचा, काठाच्या पहिल्या मुक्या खांबाशेजारच्या टाक्याच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून काढायचा आणि शेवटच्या टाक्याच्या मागच्या धाग्यात परत घालायचा, जोड दिसतसुद्धा नाही, त्या मोठ्या नेढ्याच्या सुईचा खरा उपयोग हाच.

घ्यायचं का? विणता येत असेल तर दोऱ्यासाठी खुशाल घ्या, चारशेच्या आसपास पडतं आणि चार कोस्टर होऊन दोरा उरतो. शिकायला म्हणून घेत असाल किंवा कुणाला भेट देणार असाल तर काठाची ओळ पेनाने दुरुस्त करूनच द्या.