जुन्या ८ जीबी रॅमसोबत नवी १६ जीबी लावली, दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

ज्यांना नुसतं हो की नाही हवंय त्यांना आधीच सांगतो, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या साइजची रॅम एकत्र चालते, माझ्याकडे मस्त चालतेय, पण नवी स्टिक काय बघून घेतली यावर सगळं अवलंबून आहे.

आमचा पीसी घोडबंदर रोडच्या घरात, इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर, बी४६० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यात एकच ८ जीबी डीडीआर४ रॅमची स्टिक, २६६६ स्पीडची. बायको घरून अकाउंट्सची कामं करते, टॅली, दोन-तीन मोठ्या एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडं, रिटर्नची तारीख जवळ आली की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पार काठोकाठ भरलेली. विंडो बदलायला क्लिक करायचं आणि वाट बघत बसायचं. प्रोसेसर मात्र निवांत. म्हणजे अडचण स्पीडची नव्हतीच, जागेची होती.

स्टेशनजवळच्या दुकानात मला ३६०० ची लाईटवाली गेमिंग रॅम दाखवत होते, महाग म्हणजे चांगली असं त्यांचं म्हणणं. पण १०४०० अधिकृतपणे २६६६ पर्यंतच जातो, वरचा स्पीड बी४६० वर वापरताच येत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. अशा बऱ्याच गेमिंग स्टिकवर लिहिलेला स्पीड एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडवर चालवायची बायोसमधली तयार सेटिंग) चालू केल्यावरचा असतो, १.३५ व्होल्टवर, एक्सएमपी नसेल तर ती २१३३ किंवा २४०० वर सुरू होते, आणि दोन स्टिक असल्या की बोर्ड दोघींना झेपेल त्याच स्पीडवर दोघींना चालवतो. म्हणजे जास्त पैसे देऊन जुनी रॅमसुद्धा हळू व्हायची! म्हणून साधी, १.२ व्होल्टची, एक्सएमपीशिवाय ३२०० वाली १६ जीबी मागितली, ती इथे २६६६ वर चालते. घरी सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये जुनीची माहिती बघून फोटो काढून नेला होता, तेवढं तरी कराच.

लावताना आधी ब्लोअर मारला, मेट्रोच्या कामाची धूळ अशी बसलीय की स्लॉटची खाच दिसत नव्हती. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या, तरीही तुमच्या बोर्डचं मॅन्युअल बघा. क्लिप टक्क करून बसली पाहिजे. पहिल्यांदा चालू केल्यावर फॅन फिरतोय आणि स्क्रीन काळी, बायको म्हणाली "अहो, गेला वाटतं", पण बोर्ड नव्या रॅमचं टायमिंग जमवत असतो, थोडा धीर धरा, लगेच पॉवर बंद करू नका.

८ अधिक १६ असं असलं तरी इंटेलवर ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं, म्हणजे जास्त वेग) मिळतो, दोन्हीकडचे ८-८ मिळून १६ जीबी ड्युअल, उरलेले ८ सिंगल. आपल्या पीसीत डिस्प्लेसुद्धा याच रॅमवर चालतो, त्यामुळे फरक जाणवतो, एक्सेलची मोठी शीट सरकवताना आधी झटके बसायचे ते गेले. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅममधल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर) चे चारही पास लावले, एकही एरर नाही. त्यानंतर मे महिन्यातला उकाडा, लाईट जाणं-येणं, सगळं झालं, एकदाही निळी स्क्रीन नाही.

सगळीकडे असंच होईल असं मात्र म्हणणार नाही. नेरूळच्या मावसभावाकडे एएमडीचा रायझन प्रोसेसर आहे, ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे टायमिंगचा आकडा) रॅमची जोडी होती, त्यात त्याने दुसऱ्या कंपनीची तशीच जोडी टाकली. लेबलवर आकडे सेम टू सेम. विंडोज चालू व्हायचं, पण मोठी झिप उघडताना फाइल करप्ट दाखवायची, क्रोमचे टॅब आपोआप मरायचे, त्याला वाटलं एसएसडी गेली. मेमटेस्टमध्ये लाल ओळीच ओळी. एकेक जोडी वेगळी लावली तर दोन्ही स्वच्छ. चार स्टिक आणि त्यात एक्सएमपी, हा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार वेगळाच असतो, आणि कंपन्या किट म्हणून विकतात ती जोडी एकत्र टेस्ट केलेली असते, दोन किट एकमेकांसोबत नाही. लेबल सारखं असलं तरी आतल्या चिप सॅमसंगच्या की हायनिक्सच्या की मायक्रॉनच्या ते बदलू शकतं. शेवटी बायोसमध्ये २९३३ ला आणलं तेव्हा एरर थांबल्या, तो गेम खेळतो पण त्याला फरक काही कळला नाही. त्याच्या बोर्डचं बायोस जुनं आहे, ते अपडेट केलं की परत ३२०० वर लावून मेमटेस्ट घेणार आहोत.