अपघातानंतर पहिला ट्रॅक: कोइम्बतूर की चेन्नई?

जळगाव-धुळ्याकडच्या ज्या पोरांना ट्रॅकवर मोठा अपघात झालाय आणि आता हौशी बाइक रेसिंगमध्ये परतायचंय, ती हमखास विचारतात: आधी कोइम्बतूरचा कारी स्पीडवे की चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक?

प्रवासाचं बघाल तर चेन्नई सोपं. नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट पोहोचवते. कोइम्बतूरला बहुधा गाडी बदलावी लागते.

तरीही मी कारीच सांगेन. तिथला लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, 2.1 किलोमीटरचा, चेन्नईचा 3.7. कारीवर सरळ पट्टे आखूड, म्हणून वेग कमी. चेन्नईत मुख्य पट्ट्यावरून भन्नाट वेगात पहिल्या वळणात शिरायचं असतं. हाड जुळलेलं असलं तरी मन तिथेच कच खातं. उजवा हात नकळत थ्रॉटल सोडतो आणि मागून येणाऱ्याला ते कळायला वेळ लागतो.

कारीचा त्रास वेगळा. वळणं एकामागोमाग, दम खायला जागा नाही. जोरात ब्रेक दाबला की अंगाचा सगळा भार मनगटांवरून खांद्यात चढतो. कॉलरबोनला प्लेट असेल तर तिथे ओढ बसते. दुखलं की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, या, भाऊ, सेशन पुरं करायचा हट्ट नको.

दोन्हीकडे आधी ट्रॅक डे, म्हणजे स्पर्धेविना ट्रॅकवर चालवायचा दिवस; रेस नंतर. सराव म्हणून हायवेवर केळीच्या ट्रकांमधून गाडी पळवू नका, तिथे रनऑफ, म्हणजे घसरलात तर सावरायला कडेची मोकळी जागा, नसतो. आणि अपघातातलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलाच. आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही.