कॅन्सरवरचे 'आरएनए थेंब' : आमचे ४,९४,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नोंदणी ११,५०० रुपये. 'जनुक तपासणी' ४८,०००. पहिला कोर्स २,७५,०००. मग 'डोस वाढवावा लागेल' म्हणून १,६०,०००. एकूण ४,९४,५००. चार रकमा, तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावची खाती. हे लिहिताना मान खाली जाते, कारण मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे आणि गावात अजून लोक मला 'बाई' म्हणूनच हाक मारतात. पण मी गप्प बसले तर हीच माणसं उद्या दुसऱ्या कुणाच्या पडवीत जाऊन बसतील.

ह्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आम्ही कोकणच्या दक्षिण टोकाकडे खाडीकाठी राहतो. थोडी हापूसची कलमं, थोडा काजू. केमोसाठी रात्रीची कोकणकन्या पकडायची, मुंबईला उतरायचं, दिवसभर रांगेत बसायचं आणि परत. शस्त्रक्रिया होणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. अशा घरांपर्यंत ही माणसं कशी पोचतात ते तुम्हाला माहीत आहे: रुग्णांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात एक 'बरा झालेला' काका, मग गोड आवाजाची 'समन्वयक' ताई. ते सगळीकडे सारखंच असतं.

मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. 'आरएनए औषध' म्हणून थेंब विकताना त्यांनी सांगितलेलं विज्ञान खरं होतं.

पेशीत डीएनएवरून निरोप्या आरएनए बनतो, त्यावरून प्रथिन बनतं. त्या निरोप्याला जुळणारा आरएनएचा छोटा, साधारण २१ ते २३ अक्षरांचा तुकडा पेशीत सोडला की पेशीच तो निरोप कापून टाकते आणि जनुक गप्प बसतं. आरएनएने जनुक असं गप्प करता येतं हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये इवल्याशा कृमीत दाखवलं, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, मंजूर झालं. स्वादुपिंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये केआरएएस नावाचं जनुक बिघडलेलं असतं, हेही खरं. ती ताई हे सगळं न अडखळता बोलली. मी एकेक गोष्ट इंटरनेटवर पडताळून पाहिली आणि प्रत्येक खरी निघाली. मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. कुणा बुवाचा अंगारा असता तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

तिने जे सांगितलं नाही ते मला नंतर कळलं. पॅटिसिरान कॅन्सरचं औषधच नाही. ते एका आनुवंशिक अमायलॉइडोसिसवर, म्हणजे बिघडलेलं प्रथिन अवयवांत साठत जाण्याच्या आजारावर आहे, चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून देतात आणि ते यकृतात पोचतं. यकृतात पोचवणं जमलंय, गाठीत पोचवणं हीच खरी अडचण आहे. उघडा आरएनए रक्तात सोडला तर विकरं त्याचे तुकडे करतात, उरलेला मूत्रपिंडातून निघून जातो. केआरएएसवर प्रामाणिक प्रयोग चालू आहेत. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये पेशींनीच सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांत (इवल्या पिशव्यांत) असा आरएनए भरून रुग्णांना देऊन पाहिला, तो पहिल्या टप्प्यातला प्रयोग होता. पण कॅन्सरसाठी मंजूर झालेलं असं औषध आजही बाजारात नाही. कुठल्याही देशाच्या, कितीही पैशांना.

आणि आमच्याकडे काय आलं? एसटीच्या पार्सलातून खोका. आत निळ्या झाकणाच्या कुप्या आणि ड्रॉपर. जिभेखाली रोज सकाळी आठ थेंब.

तो खोका उघडला ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खोक्यात बिल होतं, चार रकमांतलं तेवढं एकच. बिलावर मालाचं वर्णन 'आहारपूरक'. कुपीवर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक. औषध निर्मितीचा परवाना क्रमांक कुठेच नाही. मी ते वाचलं, दोनदा वाचलं. फोन करून विचारलंही. ती म्हणाली, "मॅडम, सरकारकडे फाइल चालू आहे, तोपर्यंत याच शीर्षकाखाली पाठवावं लागतं." मे महिन्याच्या उन्हात हे पार्सल आलं कसं, असंही विचारलं. तर म्हणे आता काही आरएनए औषधं साध्या तापमानाला टिकतात. तेही खरंच आहे! प्रत्येक वेळी एक खरी गोष्ट पुढे करायची आणि तिच्या आडून खोटी सरकवायची, हीच त्यांची रीत.

ह्यांनी पहिले थेंब घेतले आणि म्हणाले, "गो, ह्या नुसता पाणी लागता." मी त्यांना गप्प केलं. आरएनए पचवणारं विकर, रायबोन्यूक्लिएज, स्वादुपिंडाच्याच रसात असतं. तोंडाने घेतलेला आरएनए कॅन्सरच्या गाठीपर्यंत शाबूत जाणार कसा? हे मी कॉलेजात शिकले होते. त्या दुपारी ते डोक्यात आलंही, आणि मी ते बाजूला सारलं, कारण समोर माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि कपडे त्याच्या अंगावर नुसते लोंबत होते. ज्यांनी हे जवळून पाहिलं नसेल त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

दुसऱ्या हप्त्याचंही सांगते. थेंब सुरू व्हायच्या थोडंच आधी कावीळ वाढली म्हणून ह्यांच्या पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, घातला होता. नंतरच्या रक्ततपासणीत सीए १९-९ चा, म्हणजे या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात त्या खुणेचा, आकडा २,८४० वरून ९१० वर आला. ताईने तो रिपोर्ट मागून घेतला, ग्रुपवर टाकला, लोकांनी हात जोडले. म्हणाली, औषध लागू पडतंय, आता डोस वाढवू, आणि केमो थोडी थांबवा, ती आरएनएच्या आड येते. आंब्याचे पैसे पहिल्या कोर्सात गेलेच होते. १,६०,००० साठी माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या. केमोच्या फेऱ्या चुकल्या.

मुंबईला गेलो तेव्हा ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "केमो का चुकवली?" मग त्यांनीच समजावलं: पित्त तुंबलं की हा आकडा फुगतो, स्टेंटने वाट मोकळी झाली की उतरतो. थेंबांचा काही संबंध नाही. कुपी हातात घेऊन त्यांनी नुसती मान हलवली. हे पुढे फेब्रुवारीत गेले. पैसे एक वेळ मी विसरेन. त्या चुकलेल्या केमोचा हिशेब त्या बाईकडे मागितल्याशिवाय राहणार नाही.

म्हणून एका आकड्यावरून कुणी 'गुण आला' म्हणालं तर तो रिपोर्ट आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. केमो थांबवायला सांगणाऱ्याचा फोन त्याच क्षणी ठेवा.

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "बाई, तुम्ही शिक्षिका ना? मग?" दुसरा: "पैसे स्वतःहून पाठवलेत ना?" तिसरं उत्तर: पार्सल घाटावरून आलं, खाती परराज्यातली, हद्द आमची नाही. अर्जावर पोच द्यायलाही नकार. घरी येऊन मी कायदा वाचला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे त्या खुर्चीतल्या माणसाला मी सांगायचं? सांगितलं. तो म्हणाला, साहेब आल्यावर या. साहेब कधीच आले नाहीत.

औषधांचं बघणाऱ्या कचेरीत गेले तर म्हणाले, लेबलवर अन्न लिहिलंय, हे आमच्याकडे येत नाही. अन्नाचं बघणाऱ्या टेबलावर म्हणाले, लेबलवर कॅन्सरचा दावा कुठे आहे? दावा व्हॉट्सॲपवर आहे, आम्ही काय करणार? कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे, त्या कायद्याच्या परिशिष्टात कॅन्सरचं नाव आहे. छापील प्रत घेऊन गेले होते. त्यांनी ती हातातही घेतली नाही. मग बँक. ग्राहकाने स्वतः व्यवहार केला आहे, क्षमस्व. प्रत्येक टेबलाला दुसरं टेबल माहीत होतं, आणि पतीचा मृत्यूचा दाखला पिशवीत घेऊन फिरणारी बाई त्यांच्यापैकी कुणालाच दिसत नव्हती. कुपी तपासायला एकानेही मागितली नाही. एकानेही!

त्यात एक नवाच फोन आला: तुमचे पैसे परत मिळवून देतो, १८,४०० भरा. ते मी भरले नाहीत. फसलेल्यांची यादी विकली जाते, तेव्हा अशा फोनची वाट बघूनच राहा.

थेंब विकणाऱ्यांनी आमच्या कोर्सला 'चाचणीत सहभाग' म्हटलं होतं. खऱ्या चाचणीत त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ती सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते, ती नोंदवही घरबसल्या फुकट बघता येते. नीतिशास्त्र समिती असते, तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र असतं. आम्हाला मिळाला तो फक्त क्यूआर कोड. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन करा, पुढचं खातं गोठवता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते. मला तो नंबर कळला तोवर महिने उलटले होते. चॅट पुसू नका. कुपी फेकू नका, बिलासकट ठेवा.

ठाण्याने घेतला नाही म्हणून अर्ज मी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहून. त्याची पोचपावती आली, उत्तर नाही. आता वकिलांकडून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज तयार करून घेते आहे. निळ्या झाकणाच्या, 'आहारपूरक' लिहिलेल्या कुप्या आणखी कुणाच्या घरी आल्या असतील तर त्यांनीही आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच मागावी. शेजारच्या तालुक्यातल्या दोन घरांची नावं मला कळली आहेत, दोघांनाही मी अर्जाची प्रत दिली आहे.