आठव्या पिढीचं स्टिकर, चौथ्या पिढीचा लॅपटॉप

रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यायच्या विचारात असाल आणि घरी लिनक्सचा किंवा फ्रीबीएसडीचा (विंडोजसारख्याच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) सर्व्हर चालत असेल, तर हे जरूर वाचा. आम्हाला ज्या पद्धतीने गंडवलं, ती फसवणूक अशाच घरांत जास्त दिवस लपून राहते.

भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिचा कोड, बॅकअप, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम), सगळं घरच्या डेबियन सर्व्हरवर; डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार. त्यामुळे लॅपटॉपकडून मागणी फार नव्हती: कीबोर्ड चांगला हवा, नेटवर्क केबलचं पोर्ट हवं, वायफाय कार्ड लिनक्सला चालणारं हवं. पण हॉस्टेलवर नेट गेलं तरी एक-दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लॅपटॉपवरच चालली पाहिजेत, म्हणून प्रोसेसर बऱ्यापैकी हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं: कोअर आय७-८६५०यू, आठवी पिढी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, 'लिनक्स रेडी'. इंटेलच्या या प्रोसेसरांत पिढीचा आकडा मोठा तेवढा माल नवा.

लॅपटॉप आला. विंडोज ११ चालू होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या माहितीत तेच नाव, ८६५०यू. विक्रेत्याने वर एक पुरावाही दिला: "विंडोज ११ आठव्या पिढीच्या खाली चालतच नाही सर, हे चालतंय म्हणजे बघा." ऐकायला बिनतोड. पण मायक्रोसॉफ्टची ती अट इन्स्टॉल करतानाच चुकवता येते, आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ बिनतक्रार चढतं. हा 'पुरावा' तुम्हालाही ऐकवला जाईल, तेव्हा त्याला काडीची किंमत देऊ नका.

सुरुवातीला सगळं झकास चाललं, आणि इथेच खरी गोम आहे. भाची एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या मशीनवर लॉगिन करून, सर्व्हरवर जायची आणि कंपाइल तिथेच व्हायचं. टेस्ट तिथे, डेटाबेस तिथे. लॅपटॉपला फक्त टर्मिनलमध्ये अक्षरं उमटवायची होती, तेवढं तर दहा वर्षांपूर्वीचं मशीनही हसत करतं. ज्याच्या घरी सर्व्हर नाही त्याला पहिल्या आठवड्यातच संशय आला असता. आमच्याकडे सर्व्हरने लॅपटॉपची अब्रू झाकली, आणि माल परत करायची मुदत निघून गेली.

हॉस्टेलवर तिने व्हर्च्युअल मशीन सुरू केलं आणि पंखा बोंबलायला लागला. टास्क मॅनेजर उघडून तिने फोन केला, "मामा, इथे कोअर २ आणि लॉजिकल प्रोसेसर ४ लिहिलंय. ८६५०यूला ४ आणि ८ असतात ना?"

असतात. म्हटलं, लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरूनच, डेबियन चालू कर. तर बायोसला (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जना) पासवर्ड, आणि पेनड्राइव्हवरून बूट बंद. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे तो 'सुरक्षेसाठी' टाकलाय, काढायचा तर वेगळे पैसे पडतील. सुरक्षा कोणाची, ते त्याच्या तोंडूनच कळलं.

सुट्टीत ती घरी आल्यावर मागचं झाकण उघडलं. रॅमच्या पट्टीवर छापलेलं होतं 'पीसी३एल', म्हणजे डीडीआर३एल, जुन्या प्रकारची रॅम. आठव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये काढता-घालता येणारी रॅम डीडीआर४ असते, आणि या दोन पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या खाचेत दुसरी बसतच नाही. आमच्यापुरता निकाल तिथेच लागला होता.

तरी पक्कं करायचं म्हणून एसएसडी काढून आधी सर्व्हरवर तिची जशीच्या तशी प्रत घेतली. मग दुसऱ्या मशीनला लावून तिच्यावर डेबियन टाकलं, आणि बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) एसएसडीच्या ईएफआय या बूटसाठीच्या भागातल्या त्या ठरलेल्या फोल्डरमध्येही ठेवला, जिथे फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, दुसरं काही सापडलं नाही की आपणहून बघतं. परत बसवल्यावर पासवर्ड न मागता डेबियन सुरू झालं. 'एलएससीपीयू' हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा कमांड दिला. कोअर आय७-४६००यू, फॅमिली ६, मॉडेल ६९. म्हणजे इंटेलची 'हॅसवेल' नावाची चौथी पिढी, २०१३ सालचा माल. खऱ्या ८६५०यूला त्या जागी मॉडेल १४२ येतं.

मग विंडोजमध्ये नाव कसं दिसत होतं? विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ठेवतं आणि ते दर बूटला नव्याने लिहिलं जातं. त्यामुळे एकदा बदलून भागत नाही. एसएसडीच्या प्रतीत सिस्टीम३२ खालच्या 'टास्क्स' फोल्डरमध्ये (विंडोजने आपोआप करायची कामं तिथे नोंदलेली असतात) एक काम सापडलं: विंडोज सुरू झालं रे झालं की ती नोंद खोडून वर ८६५०यू लिहायचं. कामाचं नाव काहीतरी 'अपडेट'सारखं निरुपद्रवी. म्हणजे कोणाच्या नजरचुकीने चुकीचं मॉडेल पाठवलं गेलं, असं म्हणायलाही जागा नव्हती.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुम्ही ओएस बदलली, वॉरंटी संपली." दोन दिवसांनी जाहिरात पाहिली, तर पिढी आणि मॉडेल गायब आणि 'हाय स्पीड आय७' एवढंच उरलेलं. बिलावर तर सुरुवातीपासूनच फक्त 'आय७ लॅपटॉप, रिफर्बिश्ड' होतं. जुन्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट भाचीने घेऊन ठेवला होता म्हणून काही रक्कम परत मिळाली, तीही बरीच घासाघीस झाल्यावर. राग याचा जास्त येतो, की चौथ्या पिढीचा म्हणून त्याच्या लायकीच्या किमतीला विकला असता तर टर्मिनलपुरता तो वाईट नव्हता. आता तो सर्व्हरच्या शेजारी सीरियल कन्सोल म्हणून, म्हणजे केबलने सर्व्हरला जोडलेला नुसता पडदा-कीबोर्ड म्हणून, बसलाय.

दुसरा लॅपटॉप घेताना प्रत्येक विक्रेत्याला एकच सांगितलं: लाइव्ह पेनड्राइव्ह आमचा, बूट आमच्यासमोर. तिथे नुसतं प्रोसेसरचं नाव वाचून थांबू नका, कारण फर्मवेअरमध्येच खोटं नाव भरल्याचे प्रकारही होतात. 'एलएससीपीयू'मधला मॉडेलचा आकडा, कोअरची संख्या आणि 'डीएमआयडीकोड' या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या कमांडमधला रॅमचा प्रकार, या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. 'डीएमआयडीकोड'मधलाच सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळाच्या लेबलशी जुळवा आणि कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका, मूळ मॉडेल बहुधा तिथेच कळतं. बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता 'यूपॉवर' हा कमांड दाखवतो. एसएसडीचे वापरलेले तास 'स्मार्टसीटीएल' हा कमांड दाखवतो, पण ते पुसता येतात, त्यामुळे आकडा संशयास्पद कमी असेल तर खूश होऊ नका. बायोसला पासवर्ड असेल तर पुढचं काही तपासत बसायची गरजच नाही.

बऱ्याच जणांनी "एवढं कोणी करत नाही" म्हणून फोन ठेवला. एकाने आम्ही न मागताच 'एलएससीपीयू'चा फोटो आणि बिलावर लिहायचा पूर्ण मॉडेल नंबर पाठवला. घेतला त्याच्याकडूनच, अर्थात पेनड्राइव्ह लावून बघितल्यावर.