मनालीचा बर्फ की ग्वाल्हेरची थंडी?

जानेवारीत पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात: मनालीला जाऊ की इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहू? दोन्हीकडच्या थंडीचं कारण एकच, पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा. साधारण २,००० मीटरवरच्या मनालीत तो बर्फ पाडतो. पुढे सरकला की कोरडे वायव्य वारे ग्वाल्हेरपर्यंत पोचतात. इथे बर्फ पडत नाही. ढग असले की रात्र जरा उबदार जाते, आणि आभाळ निवळून पारा घसरतो तेव्हा हवेत पाऊसच नसतो. मैदानात किमान तापमान ४ अंशांवर उतरलं की थंडीची लाट. शिवाय धुकं, गाड्या उशिरा. मनालीत निदान खोली तापवायची सोय असते. आपल्या दगडी वाड्यांत फरशी अक्षरशः चावते! मुलांना बर्फ बघायचाच असेल तर मनाली. नाहीतर मी ग्वाल्हेरच सांगेन: गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) ताजी मिळते, रस्ताही बर्फाने बंद होत नाही.