सुंगटीचं लाइफ जॅकेट: शापोरा ते जुवारी, आठ महिन्यांचा अनुभव

कुत्र्यासाठी लाइफ जॅकेट घ्यायचं असेल तर फोम किती जाड, रंग कोणता, हे सगळं नंतर बघा. आधी पाठीवरचं हँडल बघा. ते आतल्या पट्ट्यापर्यंत शिवलंय की नुसतं वरच्या कापडाला टाचलंय, हे बोटाने उलटून पाहा. आठ महिन्यांत मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, म्हणून आधीच सांगते.

आमची कुत्री गावठी. अंगाचा रंग वाळवलेल्या सुंगटांसारखा (गोव्यात कोळंबीला सुंगटं म्हणतात), म्हणून नाव सुंगटी. वय चार वर्षं, वजन १७ किलो. घर शिवोलीला, शापोरा नदी पाच मिनिटांवर. नवऱ्याची अठरा फुटी फायबरची होडी आहे, तिला ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पूर्वी सुंगटी काठावर बसून आमची वाट बघायची आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत रडायची. ते बघवेना, म्हणून गेल्या वर्षी चतुर्थीनंतर तिला बरोबर न्यायचं ठरवलं आणि साधारण २४०० रुपयांचं जॅकेट ऑनलाइन मागवलं. ऑक्टोबर ते मेअखेर ते वापरलं. आठवड्यातून दोनदा तरी नदीत, महिन्यातून एखाददा समुद्रात, आणि फेब्रुवारीत तीन दिवसांची एक मोठी फेरी.

पहिली अडचण मापाची. कंपनीच्या तक्त्यात छातीचा घेर आणि वजन एवढंच होतं. सुंगटीचा घेर ६२ सेंटिमीटर, म्हणजे मीडियम. पण ही जॅकेटं लॅब्रडॉरच्या अंगावर बेतलेली असतात. आपल्या गावठी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक. छातीला बसलं तरी पोटाचा पट्टा सैल राहतो, आणि पाण्यात गेल्यावर अख्खं जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं. पहिल्याच दिवशी गुडघाभर पाण्यात तिने मागे पाय घेतले आणि डोकं काढून मोकळी झाली. हे खोल पाण्यात झालं असतं तर? पोटाचा पट्टा मी तीन इंच कापून पुन्हा शिवला. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नकोत. तुमचंही कुत्रं गावठी असेल तर मागवण्याआधी कंबरेचा घेरही मोजा आणि पट्टा तिथवर आवळता येतो का ते विचारून घ्या.

दुसरी अडचण काखेत. आठवड्याभराने तिच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला केस गेलेले दिसले, कातडी लाल झालेली. पट्ट्याची कड, त्यात वाळू आणि सुकलेलं मीठ, आणि प्रत्येक पावलाला घासणं. नवऱ्याच्या जुन्या बनियनची घडी करून पट्ट्यावर शिवली. चार दिवसांत जखम वाळली, पुन्हा झाली नाही. दर फेरीनंतर जॅकेट आणि कुत्री दोघांना गोड्या पाण्याने धुवायचं, कान कोरडे करायचे, काखेत हात फिरवून बघायचं. यात एकदाही चुकायचं नाही.

आता हँडल. नोव्हेंबरमध्ये शिवोलीच्या धक्क्याजवळ सराव करत होतो. ती पाण्यात, मी होडीत, वाकून हँडल धरून तिला वर ओढायचं. चौथ्या वेळी ‘टर्र’ असा आवाज आला आणि हँडलची एक बाजू सुटून माझ्या हातात आली. पांढरा दोरा मधूनच तुटलेला. ओलं कुत्रं म्हणजे नुसते १७ किलो नव्हेत. केसांतलं पाणी, फोमवरचं पाणी आणि तिची धडपड, सगळं त्या दोन शिवणींवर येतं. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही. समुद्रासाठी म्हणून विकलेली वस्तू खाऱ्या पाण्याला लावायची नाही, या गोष्टीचा मला आजही राग आहे.

शेवटी म्हापशाला बाजारात एका चप्पल-बॅगा शिवणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी जॅकेट उलटसुलट करून पाहिलं, बोटाने शिवण दाबली आणि विचारलं, ‘‘कितें उखलतलें हाजेन?’’ (याने काय उचलणार?) कुत्री म्हटल्यावर त्यांनी वरचं कापड उसवून हँडलचा पट्टा थेट पोटाच्या पट्ट्याला जोडला, जाड नायलॉनच्या दोऱ्याने, चौकोनात फुली मारून. ऐंशी रुपये घेतले. घरी आल्यावर मी वाळूने भरलेली वीस किलोची गोणी त्या हँडलला अडकवून पेरूच्या फांदीला रात्रभर टांगली. सकाळी एक टाका हललेला नव्हता.

ती शिवण जानेवारीत कामाला आली.

त्या दिवशी वागातोरच्या बाजूला गेलो होतो आणि परतायला उशीर झाला. गोव्यात हिवाळ्या-उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून मंद येतो, दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा उठतो. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, ते दरवर्षी थोडे थोडे सरकतात. सुकती (ओहोटी) लागली की नदीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून वाऱ्याच्या लाटा आत येतात. दोघांची गाठ पडते तिथे लाट उभी राहते, आखूड आणि उंच. आमच्या धक्क्यावरचे एक जुने मासेमार आबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, ‘‘सुकती लागली काय तोंडार वचूं नाका गो बाय,’’ म्हणजे ओहोटी लागली की नदीच्या मुखाशी जाऊ नका. आम्हाला ठाऊक होतं, तरी गेलो. साडेतीन वाजले होते.

सुंगटी पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभी होती, ती तिची ठरलेली जागा. तिने उडी मारली नाही. एका लाटेने होडीचं तोंड उचललं, दुसरीने आपटलं, आणि तिचे पाय सुटले. मी ओरडले, नवऱ्याने आधी इंजिन न्यूट्रलला टाकलं. हे सगळ्यात आधी. कुत्रं होडीकडेच पोहत येतं, आणि मागच्या बाजूला पंखा असतो. मग वेगळीच अडचण आली: वारा होडीला आत ढकलत होता आणि सुकती सुंगटीला बाहेर नेत होती. अंतर वाढत चाललं. लाटांच्या मधून फक्त नारंगी ठिपका दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. ती भुंकली नाही. कान मागे, डोळे आमच्यावर, आणि पुढचे पाय सारखे चालू.

पहिल्या वळणात हुकलो. दुसऱ्यांदा नवऱ्याने होडी तिच्या पलीकडे नेली, पंखा तिच्यापासून लांब राहील अशी फिरवली आणि पुन्हा न्यूट्रल. माझ्याकडे बांबूची आकडी होती, तिचं टोक हँडलमध्ये अडकलं. ओढून जवळ आणली, एका हाताने हँडल, दुसरा हात मागच्या पायांखाली, आणि वर. नवरा दुसऱ्या काठाला जाऊन बसला होता, नाहीतर दोघांच्या भाराने होडी कलंडली असती. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. जॅकेट नसतं तर ती तरंगली असती, गावठी कुत्री चांगली पोहतात. पण तिला धरायला काहीच मिळालं नसतं. ओल्या कुत्र्याला कुठे धरणार? गळ्यातल्या पट्ट्याने उचललं तर गळफास.

रात्री दोनदा उलटी झाली, पोटात खारं पाणी गेलं होतं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी थोडं थोडं गोडं पाणी द्यायला आणि तोल जातो का, अंग थरथरतं का याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. सकाळी पेज प्यायली आणि दारात जाऊन उभी राहिली, नदीकडे तोंड करून. मी मात्र दोन आठवडे तिला होडीत घेतलं नाही.

तेव्हापासून आम्ही मुखातून ये-जा फक्त भरतीला आणि सकाळी अकराच्या आत करतो. ती नाळेवर नाही, मध्ये बसते. तिथे काथ्याचं पायपुसणं खिळवलंय. फायबर ओलं झालं की कुत्र्याची नखं धरत नाहीत, काथ्या धरतो. होडी चालू असताना तिला साखळीने बांधत नाही. बांधलेलं कुत्रं पडलं तर काठाला लटकतं किंवा फरफटतं. जॅकेटवरची लोखंडी कडी फक्त धक्क्यावर वापरायची. ती कडी तीन महिन्यांत गंजली, हेही नोंदवून ठेवते. आता पितळेची लावली आहे.

फेब्रुवारीची फेरी मात्र आनंदाची झाली. पहाटे भरतीच्या टोकाला शापोऱ्यातून बाहेर, मग हणजूण, बागा, कळंगुट, कांदोळी डाव्या हाताला ठेवत आग्वादपर्यंत. पंधरा-एक किलोमीटर, दीड तास. शिकेरीच्या समोर डॉल्फिन दिसले. इथे दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्याजवळच राहणारे. सुंगटी भुंकली नाही, नुसती थरथरत होती आणि शेपूट माझ्या पायावर आपटत होती. १६१२ साली बांधलेल्या आग्वाद किल्ल्याला वळसा घालून मांडवीत शिरलो. पणजीपुढच्या कसिनोंच्या बोटींच्या आवाजाने ती घाबरली, तिथून लगबगीने रायबंदरपुढे गेलो. चोडणच्या कांदळवनाशी रात्री नांगर टाकला. पायपुसण्याचा एक जुना तुकडा मी घरून तिच्या लघवीचा वास लागलेला आणला होता, त्यामुळे होडीतच उरकलं. हे आधी घरी शिकवून घ्या, नाहीतर कुत्रं बारा-बारा तास धरून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीकडे. हा कालवा मांडवी आणि जुवारी या नद्या जोडतो, आणि त्यात मगरी आहेत. आम्हाला एक चिखलात पडलेली दिसली, तोंड उघडं ठेवून. इथे लाइफ जॅकेट असो नसो, कुत्र्याचा पायही पाण्यात जाता कामा नये. त्या टापूत मी सुंगटीला मांडीत धरून बसले होते.

किनाऱ्यावर उतरवण्याबद्दल एक मनापासून सांगायचं आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुत्री घरटी उकरतात, पिल्लं मारतात. आपलं कुत्रं कितीही गुणी असलं तरी वाळूत नाक खुपसणं त्याच्या रक्तात आहे. मोरजी आमच्या समोरच आहे, तरीही कासवांच्या हंगामात सुंगटीला तिथे उतरवत नाही. किनाऱ्यावर फुगलेला मेलेला केंड मासा पडलेला असेल तर तिथूनही दूर ठेवा, त्याचं विष कुत्र्याला मारू शकतं.

जॅकेटचा मोठा दोष उकाडा. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं, आणि हे जॅकेट म्हणजे अंगावर रजई. एप्रिलमध्ये दहा वाजताच तिची जीभ गडद लाल होऊन लांब लोंबायला लागली. आता शेतात वापरतात ती हिरवी जाळी होडीवर ताणली आहे, जॅकेट घालण्याआधी नदीच्या पाण्यात बुचकळून घेते, आणि नांगर टाकला की लगेच काढते. मे महिन्यात नऊच्या आत घरी.

बाकी बारीकसारीक: वेलक्रोमध्ये केस आणि वाळू अडकून ते फेब्रुवारीपर्यंत निकामी झालं, क्लिपा मात्र अजून घट्ट आहेत. हनुवटीखालचा फोमचा तुकडा उपयोगाचा, तोंड पाण्याच्या वर राहतं. नारंगी रंग उन्हाने फिका पडून पिकल्या पपईसारखा झालाय, तरी लांबून दिसतो. कुत्र्यांच्या लाइफ जॅकेटला माणसांच्यासारखं सरकारी प्रमाणपत्र नसतं; अमेरिकेचं तटरक्षक दलही ते देत नाही. त्यामुळे खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी गोणी टांगून बघणं आपल्याच हातात.

पैशाच्या मानाने? दुरुस्तीसकट साधारण अडीच हजार झाले. हेच जॅकेट मी पुन्हा घेणार नाही. पुढचं घेताना पाठीवर दोन हँडल असलेलं बघणार, म्हणजे पुढचं-मागचं वजन वाटलं जाईल. पण जॅकेटशिवाय तिला होडीत पाऊल टाकू देणार नाही.

आता होडी माडांखाली ताडपत्रीत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद, नदी लाल आणि भरून वाहते आहे. जॅकेट धुवून ओटीवर दोरीला टांगलंय, पावसाळ्यात कपाटात ठेवलं तर बुरशी येते. सुंगटी त्याच्याच खाली झोपते. पावसात बसून तिचं वजन किलोभर वाढलंय, तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर पोटाचा पट्टा पुन्हा मोजावा लागेल.